नॉर्डिक शहरांत महिनाभराचं बिऱ्हाड: मुलाबाळांसह सावकाश राहताना कशामागून काय करायचं

ओळखीतलं कुणी नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या, देशांत महिनाभर राहून आलं की मी एकच विचारते: पहिल्या दिवशी काय केलंत? बहुतेकांचं उत्तर असतं, "सामान टाकलं आणि लगेच बाहेर पडलो." पुढचं न सांगताच कळतं. रात्री नऊला लख्ख उजेड, मुलं भुकेने किरकिरलेली, घरात मीठसुद्धा नाही आणि पिझ्झ्याचं बिल बघून मुलांच्या आईचा मूड गेलेला. घर आठवड्यांच्या हिशोबाने घेतलेलं असतं, पण डोक्यातलं वेळापत्रक सहलीच्या बसचंच असतं.

आम्ही डेन्मार्कमधलं कोपनहेगन, स्वीडनमधलं स्टॉकहोम आणि फिनलंडमधलं हेलसिंकी अशा तीन शहरांत बिऱ्हाड केलं. मी, नवरा, चार आणि नऊ वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. काय बघायचं याची यादी इथे मिळणार नाही. काम कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे चुकतं, तेवढंच लिहिते आहे.

टप्पा १: आधी शहरं कमी करा, मग तारखा ठरवा

एका शहरात किमान आठ रात्री. त्यातले पहिले दोन दिवस बस्तान बसवण्यात जातात, शेवटचा आवराआवरीत. उरले पाच. चार रात्रींचं गणित केलंत तर हातात एकच दिवस राहतो, आणि तोही दमलेला.

चार-पाच आठवडे असतील तर तीन शहरं पुरेत. नॉर्वेतलं ओस्लो सुंदर आहे, पण चौथं शहर म्हणून कोंबू नका. घ्यायचंच असेल तर तिघांतलं एक गाळा. आणि तिथे मोठी किराणा दुकानं रविवारी बंद असतात, हे लक्षात ठेवून शनिवारीच भाजी आणा.

क्रम पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवा. कोपनहेगन ते स्टॉकहोम रेल्वेने साधारण पाच तास, स्टॉकहोम ते हेलसिंकी रात्रभराचं जहाज. मध्ये एकही विमान नाही. जाताना कोपनहेगनला उतरायचं आणि परतताना हेलसिंकीहून निघायचं, असं एकच तिकीट काढा. पहिल्या शहरात परत येण्यासाठी वाया जाणारा दिवस वाचतो.

आपल्या शाळांच्या सुट्ट्या एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत. तिकडे मे महिन्यात स्वेटर लागतोच. जूनच्या शेवटी हेलसिंकीत दिवस जवळजवळ १९ तासांचा, तर डिसेंबरात ६ तासांहूनही लहान. लहान मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर मी मेअखेर ते जून हाच काळ सांगेन.

*सावध:* १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणारा शुक्रवार म्हणजे स्वीडन आणि फिनलंडमधली मिडसमर या उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाची पूर्वसंध्या. माणसं गावाकडे, बेटांवर निघून जातात. बरीच दुकानं, संग्रहालयं, उपाहारगृहं बंद किंवा अर्धवेळ. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री दूध शोधायला निघाल्यासारखं होतं. तीन दिवसांचा किराणा बुधवारीच भरा. ५ जूनला डेन्मार्कमध्ये संविधान दिन आणि ६ जूनला स्वीडनमध्ये राष्ट्रीय दिवस असतो, त्याचीही नोंद ठेवा.

*तपासणी:* कोणत्या देशात किती रात्री, हे एका कागदावर लिहून झालं का? पुढचा टप्पा त्याच आकड्यांवर उभा आहे.

टप्पा २: व्हिसा

तिन्ही देश शेंगेन या सामाईक व्हिसाच्या युरोपीय गटात आहेत, एकच व्हिसा चालतो. अर्ज मात्र जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडेच. रात्री समसमान असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार त्या देशाकडे. इथे हमखास चूक होते ती अशी: ज्या देशाची भेटीची वेळ लवकर मिळते त्याच्याकडे अर्ज टाकायचा आणि त्याला जुळेल असा खोटा कार्यक्रम जोडायचा. हे करू नका. घरांची बुकिंग्ज खरी आणि अर्ज वेगळाच, हे अधिकाऱ्याच्या नजरेत चटकन येतं.

अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून ते पंधरा दिवसांपर्यंत करता येतो. उन्हाळ्यासाठी फेब्रुवारीतच हात घाला. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहाच्या आतल्यांना नाही. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या आणि सोबत जन्मदाखला. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत.

१२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी फोटो आणि ठसे नोंदवायला सुरुवात झाली आहे. वाटेत शेंगेनमधल्याच विमानतळावर विमान बदलायचं असेल तर ही नोंद तिथेच होते. तिथे दीड तासाची जोडणी घेऊ नका, तीन तास ठेवा.

टप्पा ३: घर घेताना विचारायचे पाच प्रश्न

फोटोतल्या पांढऱ्याशुभ्र भिंतींवर भाळण्याआधी मालकाला हे लिहून विचारा.

१. चादरी आणि टॉवेल भाड्यात आहेत का? तिकडे ते पुष्कळदा वेगळे असतात.

२. निघताना साफसफाई कोणी करायची? "शेवटची सफाई पाहुण्यांनी" हा तिथला सर्रास रिवाज आहे. ही ओळ वाचली नाही तर शेवटच्या सकाळी एकीकडे मुलांना कपडे घालत दुसरीकडे न्हाणीघर घासावं लागतं. मी घासलं आहे.

३. लिफ्ट आहे का? कोपनहेगनच्या नोरेब्रो, वेस्टरब्रो भागांतल्या जुन्या इमारतींत पाचव्या मजल्यापर्यंत जिनाच असतो. सासूबाईंचे गुडघे आणि बाबागाडी, दोन्हींचा विचार करा.

४. शेगडी कोणती? इंडक्शन असेल तर पुढचा टप्पा दोनदा वाचा.

५. खिडक्यांना काळे पडदे आहेत का? जूनमध्ये पहाटे चारच्या आधीच उजाडतं आणि मुलं उठून खेळायला लागतात. पडदे नसतील तर जाड काळं कापड आणि कपडे वाळवायचे चिमटे बरोबर घ्या.

घर शहराच्या मधोमध असायची गरज नाही. मेट्रोचं स्टेशन आणि किराणा दुकान दहा मिनिटांच्या चालीवर असलं की झालं. कोपनहेगनमध्ये आमागर, स्टॉकहोममध्ये लिलिएहोल्मेन, हेलसिंकीत काल्लिओ हे भाग बघा.

एक सुखद बातमी: फिनलंडमधल्या घरांत कमोडशेजारी हातात धरायचा छोटा फवारा बहुधा असतोच. डेन्मार्क-स्वीडनमध्ये तो क्वचितच दिसतो, तिथे मग घेऊन गेला आहात तरच. आमच्याकडे हेलसिंकी हे शहर याच एका कारणासाठी पहिलं आलं.

टप्पा ४: बॅगा

सर्वांत आधी कुकर. अ‍ॅल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. बुडाला फ्रिजवरचं लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटलं तर न्या, नाही तर तीन लिटरचा स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा घ्या. तीच गत तव्याची. मसाल्याचा डबा नेऊ नका, झाकण बॅगेतच उघडतं. छोट्या झिपच्या पिशव्या पुरतात.

आता सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो खाऊचा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूध, तसंच त्यांपासून केलेले पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खवा नाही, दुधाची पावडर नाही. तान्ह्या बाळासाठी बंद डब्यातल्या दूधपावडरीला मर्यादित सूट आहे. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. अपवाद मोजके: नारळ, केळी, अननस, खजूर, ड्युरियन. कढीपत्त्याची जुडी आणि हापूस त्यात बसत नाहीत. मेमध्ये निघताना आजोबा प्रेमाने सहा आंबे बॅगेत सरकवतात, त्यावर लक्ष ठेवा.

काय न्यायचं? गोडा मसाला, मेतकूट, थालीपीठाची भाजणी, पोहे, सुक्या चटण्या, हिंग, आमसुलं. पाकिटं बंद आणि वर नाव लिहिलेली. तांदूळ, मसूर, काबुली चणे तिथल्या कुठल्याही दुकानात मिळतात. मुगाची डाळ आणि कणीक आशियाई दुकानांत. तुपाचं काय, तर तिथलं लोणी उत्तम असतं, घरीच कढवा. फक्त लोणी बिनमिठाचं घ्या. डॅनिशमध्ये "उसाल्टेट", स्वीडिशमध्ये "ओसाल्टाट", फिनिशमध्ये "सुओलाटोन". खारट लोण्याचं तूप एकदा करून बघितलं, वरणभातावर घालवेना.

कपडे माणशी चार जोड बस, आठवड्याला दोनदा धुणं होतंच. मुलांचे पावसाळी सदरे-पँट आणि लोकरीचे आतले कपडे इथे शोधत बसू नका. तिथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत चांगले आणि स्वस्त मिळतात. सुती टी-शर्ट ओला झाला की अंग गार पडतं, म्हणून पावसात आत लोकर.

औषधं मूळ पट्टीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. आपल्याकडे सहज मिळणारं अँटिबायोटिक तिकडे चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

*तपासणी:* कुकरला चुंबक लावलं? पिशव्यांत दुधाचं काही नाही? औषधं हातातल्या बॅगेत आहेत?

टप्पा ५: पैसे

डेन्मार्कचा क्रोन, स्वीडनचा क्रोना, फिनलंडचा युरो: तीन चलनं. नोटा जवळजवळ लागत नाहीत. काही दुकानांत तर "रोख घेत नाही" अशी पाटीच असते. तिथे लोक मोबाइलवरून पैसे देताना दिसतील, पण ती ॲप्स तिथल्या बँकखात्याशिवाय चालत नाहीत. तेव्हा भिस्त कार्डावर.

आपल्या बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार आणि टॅप करून पैसे देणं, हे दोन्ही वेगवेगळे सुरू करावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमामुळे नव्या कार्डावर ते आपोआप सुरू नसतात. निघण्याआधीच सुरू करा, कारण ओटीपी ज्या नंबरावर येतो ते सिमकार्ड तिकडे चालेलच असं नाही. प्रत्येक मोठ्या माणसाकडे स्वतःचं कार्ड हवं, कारण बस-मेट्रोत टॅप करताना माणशी एक कार्ड लागतं.

*सावध:* यंत्राने "रुपयांत भरायचे का?" असं विचारलं तर नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. रुपयांचा दर नेहमी महाग पडतो.

टप्पा ६: पहिले चोवीस तास

सगळी मेख इथे आहे. प्रत्येक शहरात हाच क्रम, आणि मध्ये कुठलंही प्रेक्षणीय स्थळ घुसवायचं नाही.

पहिलं: घर तपासणं. बॅगा उघडण्याआधी सगळ्या खोल्यांचे फोटो काढा. आधीचे डाग, टवके मालकाला लगेच पाठवा. बूट दाराशीच काढायचे, याबाबतीत ती मंडळी आपल्यासारखीच.

दुसरं: प्रवासाचं ॲप. प्रत्येक शहराचं स्वतःचं आहे. कोपनहेगनमध्ये एका मोठ्या माणसाबरोबर बारा वर्षांखालची दोन मुलं फुकट. स्टॉकहोम आणि हेलसिंकीत सात वर्षांखालची मुलं फुकट. म्हणजे आमच्या नऊ वर्षांच्या मुलीचं तिकीट पहिल्या शहरात नव्हतं, पुढच्या दोन शहरांत होतं. हे विसरून प्रवास केला तर दंड होतो, आणि तिकीट तपासनीस साध्या वेशातही असतात. बाबागाडी असेल तर बसच्या मधल्या दाराने चढा.

तिसरं: किराणा. कोपनहेगनमध्ये नेट्टो किंवा रेमा १०००, स्टॉकहोममध्ये इका किंवा विलिस, हेलसिंकीत के-मार्केट किंवा अलेपा. पहिल्या फेरीत फक्त दोन दिवसांचं घ्या: मीठ, तेल, तांदूळ, मसूर, कांदे-बटाटे, दूध, ब्रेड, केळी.

दुधापाशी थांबा. पहिल्या सकाळी निम्म्या मराठी घरांचा चहा इथेच नासतो. सारख्याच दिसणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत एकात दूध, तर दुसऱ्यात ताकासारखं आंबवलेलं दूध. स्वीडनमध्ये ते "फिलमियोल्क", फिनलंडमध्ये "पीमा", डेन्मार्कमध्ये "केअर्नेमेल्क". चहात टाकाल तर फुटेल, पण कढीला याच्यासारखं काही नाही. तसंच फिनलंडमधलं "रहका" आणि स्वीडनमधलं "क्वार्ग" म्हणजे जवळपास आपला चक्का. साखर आणि वेलदोडा घाला, पाव तासात श्रीखंड तयार. सासूबाईंनी अक्षय्य तृतीयेचं राहिलेलं श्रीखंड कोपनहेगनच्या स्वयंपाकघरात केलं ते तिथल्या "क्वार्क"चं.

शाकाहारी असाल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने वेष्टन भाषांतरित करून बघा. मुलांच्या रंगीत, चिवट गोळ्यांत बहुधा जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ, असतं. पाण्याच्या बाटल्या मात्र घेऊच नका, नळाचं पाणी तिन्ही शहरांत उत्तम आहे. घेतलीत तर चुकून फसफसणारं निघतं.

चौथं: एक साधा स्वयंपाक. खिचडी. आधी धूर ओढणारा पंखा आणि खिडकी, मग फोडणी. ही अदलाबदल झाली की धुराचा भोंगा वाजतो, आणि सुक्या मिरचीचा खाट जिन्यात गेला की शेजारीही दार उघडतात. भोंग्याची बॅटरी काढून ठेवू नका, ती तुमच्याच जिवासाठी आहे.

पाचवं: जवळचं खेळायचं मैदान. तासभर, बास. मग झोप, उजेड असला तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी: धुणंघर. स्वीडनमध्ये तळघरातल्या धुणंघराची वेळ आधी नोंदवावी लागते, आणि दुसऱ्याच्या वेळेत घुसणं हा तिथे मोठा अपराध समजतात. मग कचऱ्याची खोली: ओला, पुठ्ठा, प्लास्टिक, काच, धातू असे वेगळे डबे. पेयांच्या रिकाम्या बाटल्या-डबे फेकू नका. किराणा दुकानातल्या यंत्रात घातले की अनामत परत मिळते. डेन्मार्कमध्ये बाटलीवर अ, ब, क अशा अर्थाची खूण असते आणि त्यानुसार १, १.५ किंवा ३ क्रोन. हे काम मुलांकडे द्या. आमच्या मुलांना कोपनहेगनच्या टिव्होली या पाळण्यांच्या बागेपेक्षा ते यंत्र जास्त आवडलं.

*सावध:* कोपनहेगनमध्ये पदपथ आणि रस्ता यांच्यामधली पट्टी सायकलींची. बसमधून उतरताना बरेचदा पाय थेट तिच्यावरच पडतो. मुलांचा हात धरा, डावीकडे-उजवीकडे बघा आणि फोटोसाठी तिथे उभे राहू नका.

टप्पा ७: रोजचा साचा

सकाळी एकच ठिकाण, दुपारी बाहेर जेवण, संध्याकाळ घराजवळ. रात्री बाहेर जेवायला गेलात तर खिसा रिकामा होतो. दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान मात्र स्टॉकहोममध्ये "दागेन्स" आणि हेलसिंकीत "लोउनास" नावाचं ठरावीक जेवण मिळतं, कोशिंबीर, ब्रेड, कॉफी धरून. हेलसिंकीत नेपाळी उपाहारगृहं जागोजागी आहेत. त्यांच्या दुपारच्या जेवणात डाळभात सापडला तेव्हा सासूबाईंनी महिन्याभरात पहिल्यांदा "अजून थोडं वाढा" म्हटलं.

संग्रहालयाला जाण्याआधी सोमवार नाही ना, ते बघा. पुष्कळ सोमवारी बंद असतात. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात अठराखालच्यांना तिकीट नाही आणि आत मुलांसाठी वेगळा विभाग आहे.

पावसाच्या दिवसासाठी वाचनालय हेरून ठेवा. हेलसिंकीचं ऊदी हे डिसेंबर २०१८मध्ये उघडलेलं वाचनालय रेल्वे स्टेशनजवळच आहे. वरच्या मजल्यावर मुलांचा भाग, बाबागाड्या लावायला जागा, स्वच्छ शौचालयं, कोणी काही विचारत नाही. स्टॉकहोममध्ये कुल्तुरहुसेट या सांस्कृतिक केंद्रातली मुलांची खोली. बाहेरची सार्वजनिक शौचालयं अनेकदा पैसे देऊन वापरायची असतात, त्यामुळेही वाचनालयाचा पत्ता पाठ असावा.

पर्यटकांच्या बोटीची महागडी तिकिटं काढू नका. कोपनहेगनच्या बंदरातली जलबस, स्टॉकहोमची स्लुसेनहून यूरगोर्देनला जाणारी फेरी आणि हेलसिंकीच्या बाजारचौकातून सुओमेनलिन्ना बेटावर जाणारी फेरी, या तिन्ही नेहमीच्या शहरी तिकिटात बसतात.

मैदानांबद्दल दोन गोष्टी. कोपनहेगनच्या फेलेडपार्कमध्ये छोटे सिग्नल आणि रस्ते असलेलं सायकल शिकायचं मैदान आहे. आणि हेलसिंकीत उन्हाळ्यात काही मैदानांवर सोळाखालच्या मुलांना दुपारचं गरम जेवण फुकट देतात. १९४२पासूनची ही पद्धत. वाडगा आणि चमचा आपला न्यायचा. तारखा आणि त्या दिवशीचा पदार्थ आधी बघून जा.

आजारपणासाठी नंबर भिंतीवर चिकटवा: तातडीचा ११२ तिन्हीकडे. सल्ल्यासाठी कोपनहेगनमध्ये १८१३, स्वीडनमध्ये ११७७, फिनलंडमध्ये ११६११७. तापासाठी सरळ इस्पितळ गाठू नका, आधी फोन करा. तिकडची रीत तशीच आहे.

टप्पा ८: शहर बदलायचा दिवस

आदल्या दिवशी कुठेही जायचं नाही. फ्रिज रिकामा करा, कचरा टाका, उरलेल्या डाळ-तांदळाच्या पिशव्या बांधा. पासपोर्ट हातातल्या बॅगेत. कोपनहेगनहून पूल ओलांडून स्वीडनमध्ये शिरताना गाडीत पोलीस तपासणी होऊ शकते.

रेल्वेचं तिकीट काढताना डबा नीट बघा. स्वस्त दिसलं म्हणून शांत डब्यात जागा घेतलीत तर पाच तास मुलांना "श्श" करण्यात जातील.

जहाजासाठी दोन चुका टाळा. पहिली, चुकीचा धक्का. स्टॉकहोममध्ये हेलसिंकीची जहाजं कंपनीनुसार स्टाड्सगोर्देन किंवा वेर्तहाम्नेनहून सुटतात, आणि हे दोन धक्के शहराच्या दोन बाजूंना आहेत. दुसरी, घड्याळ. फिनलंड स्वीडनच्या एक तास पुढे आहे. तिकिटावरची सुटण्याची वेळ स्वीडनची, पोहोचण्याची फिनलंडची. रात्री मोबाइलने कुठली वेळ धरली आहे ते बघूनच गजर लावा. खोली आरक्षित करा, खुर्चीवर रात्र काढायचा विचार मुलांबरोबर नको. संध्याकाळी जहाज बेटांमधून तासन्‌तास सरकत जातं, तेव्हा सगळ्यांनी वर डेकवर बसा, जेवणाचा डबा घेऊन.

जहाज सकाळी दहाच्या सुमारास लागतं आणि घराची किल्ली बहुधा दुपारी तीनला मिळते. मधले पाच तास बॅगा ओढत फिरू नका. त्या स्टेशनावरच्या लॉकरमध्ये टाका, ऊदीत जाऊन बसा, मुलांना झोपू द्या. तीनला किल्ली घ्या आणि टप्पा सहा पुन्हा पहिल्यापासून. मीठ मात्र या खेपेला बरोबरच न्या.